वापरात नसलेलं चर्च

भावजी: आणि ती गीतांच्या आकड्यांची पाटी उतरवा आधी, वहिनी.

वहिनी: का म्हणून? रविवारीच लावलेत आकडे. पहिलं गीत बेचाळीस, दुसरं एकशे सात.

भावजी: म्हणूनच म्हणतोय. ज्या चर्चमध्ये कोणी फिरकत नाही तिथं बेचाळिसावं गीत कोण म्हणतं? भुतं?

वहिनी: कोणी फिरकत नाही असं कोण म्हणालं?

भावजी: मी. लेखी. समितीचा अध्यक्ष म्हणून, सही-शिक्क्यासकट. अर्जात दोन चौकोन होते, 'वापरात आहे' आणि 'वापरात नाही'. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

वहिनी: अहो, दर रविवारी नऊ माणसं येतात उपासनेला!

भावजी: नऊ माणसांनी छप्पर होत नाही. 'वापरात आहे' म्हणून चारदा अर्ज केला. चारही वेळा उत्तर आलं, भाविक असल्यास डागडुजी भाविकांनी करावी. आणि नदीपलीकडच्या गावात बघा. त्या चर्चमध्ये चिटपाखरू नाही, नुसती कबुतरं. त्यांना अख्खं छप्पर मिळालं. नवंकोरं. कबुतरांना!

वहिनी: कबुतरं रोज येत असतील. तुम्ही नाताळला तरी येता का?

भावजी: विषय बदलू नका. तीस वर्षं मोजणी कचेरीत हेडक्लार्क होतो मी. कुठल्या चौकोनात खूण केली की फाईल हलते, ते मला झोपेत कळतं. अकरा वाजता वास्तू विभागाच्या तपासनीस बाई येतायत. मी बोलेन, तुम्ही मान हलवायची.

वहिनी: म्हणजे चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायचं.

भावजी: चर्चमध्ये नको वाटत असेल तर दारात उभ्या राहा.

वहिनी: आणि त्या पिशवीत काय आणलंय?

भावजी: धूळ.

वहिनी: काय?

भावजी: धूळ. माझ्या माळ्यावरची. बारा वर्षांची आहे, कोणी हात लावलेला नाही. बाकांवर भुरभुरवायची, थोडी वेदीवर. सरका जरा.

वहिनी: खबरदार! अठ्ठावीस वर्षं पुसतेय मी हे बाक. एक दिवस नागा नाही.

भावजी: तीच तर पंचाईत आहे. हे बघा, माझं तोंड दिसतंय बाकात. वापरात नसलेल्या चर्चमध्ये तोंड दिसतं का कुणाला?

वहिनी: सरकारच्या डोळ्यात धूळ फेकतात हे ऐकून होते. पण लोक घरून आणत नसतील हो.

भावजी: हसा. पुढच्या पावसाळ्यात ही तुळई डोक्यात पडली की मग हसा. माझ्या हौसेसाठी करतोय का मी? आजोबांचा बाप्तिस्मा इथं झाला, वडिलांचा झाला, माझा झाला. हे चर्च मेलंय असं दाखवल्याशिवाय ते जगणार नाही, त्याला मी काय करू?

वहिनी: चर्च मेलंय म्हणा हवं तर. मागं आमचे हे आहेत, त्यांना काय म्हणणार? एक्केचाळीस दिवस झालेत फक्त.

भावजी: तोही विचार केलाय मी. नियम असा आहे की पन्नास वर्षांत आवारात दफन झालेलं नसावं. मी शून्य लिहिलंय.

वहिनी: शून्य.

भावजी: आपल्याकडे माती बसेपर्यंत वर्षभर दगड लावत नाहीत, ते एक बरं झालं. नाव नाही, तारीख नाही. नुसता लांबट उंचवटा आहे. वाफा म्हणून खपेल.

वहिनी: वाफा?

भावजी: फुलांचा. सकाळी भोवतीनं तिरक्या विटाही रोवून आलोय. छान दिसतंय खरं तर.

वहिनी: तुमच्या सख्ख्या भावाला, भावजी?

भावजी: दादा असता तर तोच म्हणाला असता, आधी छप्पर बघ.

वहिनी: ते असते तर म्हणाले असते, आधी शिडी धर, गाढवा. उभा जन्म त्यांनी या चर्चची घंटा वाजवली, गावातल्या प्रत्येकाची कबर खणली. आणि त्यांच्या नशिबी वाफा.

भावजी: दोन तासांचा प्रश्न आहे, वहिनी. दोन तास!

वहिनी: आणि त्यांच्या शेजारची जागा? ती माझी आहे. भिंतीपर्यंत तेवढी एकच उरलीय. तेवढी राहणार ना? बाकी तुम्ही चर्चला गोदाम म्हणा, मला काही नको.

भावजी: तुमची जागा कुठं पळून जातेय? छप्पर बसलं, फाईल बंद झाली, की हळूच वापरात आणू सगळं.

वहिनी: ठीक आहे. मी गप्प बसेन. पण मला कुणी थेट विचारलं, तर मला खोटं जमायचं नाही. आधीच सांगून ठेवते.

भावजी: थेट कोण विचारतंय? कचेरीतली माणसं आहेत ती. आली वाटतं गाडी. पाटी! ती पाटी लपवा, मी धूळ टाकतो!

तपासनीस: आत येऊ का? मी वास्तू विभागाकडून… आँछी!

भावजी: या, या मॅडम. मी अध्यक्ष. या आमच्या वहिनी, किल्ली यांच्याकडे असते. थोडी धूळ आहे बघा. वापरात नाही ना.

तपासनीस: आँछी! अहो, ही धूळ इतकी तिखट कशी?

वहिनी: माळ्यावर मिरच्यांची पोती असतात.

तपासनीस: कुठल्या माळ्यावर?

भावजी: चर्चच्या! म्हणजे पूर्वी. लढाईच्या काळात. ऐतिहासिक मिरची आहे ती.

तपासनीस: थांबा, लिहून घेते. 'मिरची-साठवण, काळ अनिश्चित.' बांधकाम कधीचं?

भावजी: तीनशे दहा वर्षं. कमान मूळची, वेदी मूळची, दरवाजा मूळचा.

तपासनीस: आणि ही बादली?

भावजी: तीही मू… नाही, बादली अलीकडची. छप्पर गळतं.

तपासनीस: अर्धीच भरलीय. आठवडाभर रोज पाऊस आहे. ओसंडून कशी गेली नाही? कोणी रिकामी करतं का?

भावजी: बाष्पीभवन.

तपासनीस: बरं. आणि हा चष्मा? पुढच्या बाकावर आहे.

भावजी: पर्यटकाचा असेल. विसरला बिचारा.

तपासनीस: सोबत चिठ्ठी आहे. 'आजी, परत विसरलात. पुढच्या रविवारी आठवणीनं न्या.'

भावजी: आजी पर्यटक. दर रविवारी येतात पर्यटनाला. वय झालं की माणूस तेच तेच बघतं.

तपासनीस: घंटेचा दोर नवा दिसतो.

भावजी: सुरक्षेसाठी. जुना तुटून कुणाच्या डोक्यात पडला असता.

तपासनीस: कुणाच्या? इथं कोणी येत नाही ना?

भावजी: पर्यटक आजींच्या.

तपासनीस: हे बघा अध्यक्षसाहेब, इतका घाम पुसू नका. मला काय दिसतं ते मी लिहीत नसते. अर्जात जे आहे ते तपासते. अर्ज म्हणतो 'वापरात नाही'. आत्ता या घडीला माझ्यासमोर कोणी वापरत नाहीये. माझ्या दृष्टीनं जुळलं.

भावजी: जुळलं? मग छप्पर?

तपासनीस: पूर्ण छप्पर. तुळयांसकट. 'वापरात नाही' वाल्यांची यादी आमच्याकडे आधी घेतात.

भावजी: ऐकलंत ना, वहिनी? तुळयांसकट!

तपासनीस: आवार तेवढं बघून घेऊ. मागचं दार उघडता का?

(तिघं मागच्या दारानं चर्चच्या दफनभूमीत येतात.)

तपासनीस: वा! सुंदर दगड आहेत. या दोन कबरींच्या मध्ये ही बुटकी भिंत कसली?

वहिनी: सख्खे भाऊ ते. बांधावरून जन्मभर बोलले नाहीत. शेजारी शेजारी पुरायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी मध्ये भिंत घातली.

तपासनीस: भिंत कोणी बांधली?

वहिनी: तिसऱ्या भावानं. तो वकील होता.

तपासनीस: तुम्हाला बरीच माहिती दिसते.

वहिनी: माझी नाही, आमच्या ह्यांची. प्रत्येक दगडाखालचा माणूस त्यांना पाठ होता.

भावजी: वाचनाची आवड होती! मॅडम, तिकडे या, तिकडचे दगड जास्त जुने आहेत.

तपासनीस: इथं तर सगळेच प्रेमळ पडलेले दिसतायत. 'प्रेमळ पती', 'प्रेमळ पिता', 'प्रेमळ सावकार'. प्रेमळ सावकार?

वहिनी: दगड त्यानं जिवंतपणीच कोरून घेतला होता.

तपासनीस: आणि शेवटचं दफन पन्नास वर्षांच्या आधीचं. बरोबर?

भावजी: अगदी बरोबर. त्यानंतर गावात कोणी… म्हणजे, मरतात, पण दुसरीकडे.

तपासनीस: मग आता आराखडा सांगते. छपराचं काम निघालं की आवार कायमचं बंद होतं. चहूबाजूंनी लोखंडी कुंपण घालतो आम्ही. नवीन दफनाला परवानगी नाही.

वहिनी: कायमचं म्हणजे किती वर्षं?

तपासनीस: कायमचं म्हणजे कायमचं, बाई.

वहिनी: भावजी?

भावजी: मॅडम, कुंपणाला एखादं फाटक असेल ना? पुढेमागे गरज लागली तर…

तपासनीस: कसली गरज? फाटक पर्यटकांसाठी. तिकीट फाडून आत. आणि भिंतीलगतचा हा कोपरा मला फार आवडला. इथून मनोरा पूर्ण दिसतो. इथं बाक टाकू, शेजारी कचऱ्याची पेटी. हा वाफा तेवढा काढून टाकावा लागेल.

भावजी: वाफा कशाला काढायचा? फुलं असलेली बरी की पर्यटकांना.

तपासनीस: नियमात वाफा बसत नाही. माती सगळी उपसायची, खडी पसरायची.

भावजी: पेटी त्या सावकाराजवळ ठेवली तर? तिकडे सावली चांगली आहे. प्रेमळ माणूस होता, काही म्हणायचा नाही.

तपासनीस: अध्यक्षसाहेब, एका वाफ्यासाठी इतकं काय? मजूर एका दुपारी उपसतील. माती तर अजून भुसभुशीतच दिसतेय. नवीन केलाय का?

भावजी: नवीन असं नाही. म्हणजे वहिनींना बागेची आवड. विटा मी लावल्या. तिरक्या.

तपासनीस: वर तर काही उगवलेलं दिसत नाही. बाई, तुम्ही सांगा. या वाफ्यात काय लावलंय?

भावजी: शेवंती!

तपासनीस: मी त्यांना विचारतेय.

वहिनी: माझा नवरा.

तपासनीस: काय म्हणालात?

वहिनी: माझा नवरा आहे इथं. एक्केचाळीस दिवस झाले. माती बसली की वर्षानं दगड लावू. ते सावकारासारखे काही कोरून घेऊन गेले नाहीत.

तपासनीस: अरे देवा. मी… मी त्यांच्यावर उभी आहे का?

वहिनी: पायांकडे आहात. असू द्या. दिवसभर लोकांच्या पायाशीच खणत असायचे, ते रागवायचे नाहीत.

तपासनीस: अध्यक्षसाहेब, हे काय आहे?

भावजी: माझा थोरला भाऊ आहे.

तपासनीस: आणि तुम्ही त्याला शेवंती म्हणालात.

भावजी: छपरासाठी म्हणालो हो! चार वेळा खरं लिहून पाठवलं, कोणी ढुंकून बघितलं नाही. एकदा खोटं लिहिलं, तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गाडी घेऊन दारात. मग माणसानं काय शिकावं, सांगा तुम्हीच!

तपासनीस: ते मला विचारू नका, माझ्या फॉर्ममध्ये तो रकाना नाही. खूण बदलावी लागेल. 'वापरात आहे.' बरं, अर्जात ती चुकून पडली असं लिहू की मुद्दाम?

भावजी: हेडक्लार्कची खूण चुकून पडत नसते, मॅडम.

तपासनीस: चुकून असेल तर नुसती दुरुस्ती होते. मुद्दाम असेल तर चौकशी.

भावजी: …चुकून लिहा.

तपासनीस: ऐकू आलं नाही.

भावजी: चुकून! चुकली! तीस वर्षांत पहिल्यांदा चुकली, लिहा!

तपासनीस: उपासनेला किती माणसं येतात?

वहिनी: नऊ.

भावजी: दहा. मला धरून.

वहिनी: तुम्ही कधी येता?

भावजी: येईन म्हणतो.

तपासनीस: मग नऊच लिहिते. शेवटचं दफन एक्केचाळीस दिवसांपूर्वी. खड्डा कोणी खणला?

वहिनी: कोण खणणार? गावात खणणारा माणूस एकच, तोच गेला. भावजींनी खणला. दोन दिवस हात पाण्यात बुडवून बसले होते.

तपासनीस: खोली?

वहिनी: सहा फूट. आमचे हे कुणालाही सहापेक्षा कमी द्यायचे नाहीत. गरीब असो नाहीतर सावकार, टेप लावून सहा.

तपासनीस: सहा फूट. आवारात शिल्लक जागा…

भावजी: साडेपाच.

तपासनीस: जागा साडेपाच?

भावजी: खोली साडेपाच. दगड लागला खाली. हाताचे फोड फुटले होते, उपासना संपत आली होती, लोक बाहेर येऊन उभे राहिले. मी कुदळ टाकली आणि वर आलो. जन्मभर मोजणी कचेरीत काढली, मला आकडा माहीत होता. साडेपाच. आता एक तरी खरं लिहा.

वहिनी: मला सांगितलं नाहीत, भावजी.

भावजी: कसं सांगणार? त्यानं साऱ्या गावाला सहा दिले. आणि मी त्याला अर्धा फूट कमी दिला, वर विटा लावून वाफा केला.

तपासनीस: साडेपाच. लिहिलं. शिल्लक जागा?

वहिनी: एक.

तपासनीस: कुणासाठी?

वहिनी: माझ्यासाठी.

तपासनीस: तिच्यापुढे 'राखीव' लिहिते. मग ती जागा कोणाला देता येत नाही, आमच्या विभागालासुद्धा नाही. कचऱ्याची पेटी रद्द. छप्पर मात्र मिळणार नाही, बाई. आमच्याकडून फार तर एक ताडपत्री मिळेल.

वहिनी: चालेल. मोठी द्या म्हणजे झालं.

तपासनीस: निघते मी. आणि… मी उभी राहिले होते, त्याबद्दल माफ करा.

वहिनी: मला काय सांगता? त्यांना सांगा.

तपासनीस: माफ करा हं. येते.

भावजी: गेली गाडी. गेलं छप्पर.

वहिनी: गेलं.

भावजी: शिव्या घाला मला, वहिनी. गप्प नका बसू. दादाला मी वाफा म्हणालो. परक्या बाईसमोर.

वहिनी: जन्मभर तुम्ही दोघं एकमेकांना काय काय म्हणालात, ते मी कानांनी ऐकलंय. त्या मानानं वाफा बरा.

भावजी: आणि तो अर्धा फूट?

वहिनी: त्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? फार वाटलं. आमच्या ह्यांना टेपचा फार अभिमान होता.

भावजी: तुमच्या वेळी मी पुरे सहा खणीन. शपथेवर सांगतो. दगड लागू दे, फोड येऊ दे, मी सुरुंग लावीन.

वहिनी: नको.

भावजी: का? माझ्यावर विश्वास नाही?

वहिनी: माझंही साडेपाचच खणा, भावजी. एका पातळीत असू दे आम्हाला.